अवरक्त फिल्टर आणि डिजिटल कॅमेरा: आधी कॅमेऱ्याची परीक्षा, मग फिल्टरची खरेदी

सह्यवाट (धागालेखक)

अवरक्त (इन्फ्रारेड) छायाचित्रे पाहून 'कोणता फिल्टर घ्यावा' असा प्रश्न येथे वारंवार विचारला जातो आणि त्याला एखाद्या फिल्टरचे नाव सांगून उत्तर दिले जाते. माझ्या मते प्रश्नाचा क्रमच उलटा आहे. फिल्टर फक्त दृश्य प्रकाश अडवतो. अवरक्त प्रकाश सेन्सरपर्यंत किती पोहोचेल, हे आपल्या कॅमेऱ्याच्या आत बसवलेली काच ठरवते. ती काच कशी आहे हे न पाहता घेतलेला फिल्टर कित्येकदा कपाटातच राहतो, म्हणून हा धागा.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. येथे आपण उष्णतेचे चित्र काढत नाही. उष्णता दाखवणारे कॅमेरे साधारणतः ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे प्रारण टिपतात आणि त्यांचे सेन्सर व लेन्स पूर्णपणे निराळ्या पदार्थांचे असतात. आपल्या डिजिटल कॅमेऱ्यातील सिलिकॉनचा सेन्सर सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतच प्रतिसाद देतो. डोळ्यांना दिसणारा लाल रंग ७०० नॅनोमीटरच्या आसपास संपतो, म्हणजे आपल्या वाट्याला येतो तो ७०० ते ११०० हा पट्टा. या पट्ट्यात आपण टिपतो तो परावर्तित सूर्यप्रकाशच. फरक इतकाच, की तो डोळ्यांना दिसत नाही.

सिलिकॉनला हा पट्टा दिसत असल्यामुळे नेहमीच्या चित्रातील रंग बिघडतात, म्हणून कॅमेरा बनवणाऱ्या कंपन्या सेन्सरपुढे अवरक्त अडवणारी काच बसवतात. ती काच न बसवल्यास किंवा पातळ बसवल्यास काय होते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे २००६ साली आलेला लायका एम८. त्यात काळे कृत्रिम कापड जांभळट दिसू लागले आणि शेवटी कंपनीने ग्राहकांना लेन्सवर लावण्यासाठी अवरक्त अडवणारे फिल्टर पुरवले. याउलट निकॉनचा डी७० हा जुना कॅमेरा याच 'दोषा'मुळे अवरक्तवाल्यांचा लाडका झाला. नव्या कॅमेऱ्यांत ही काच सहसा अधिक कडक असते, म्हणून जुना, अडगळीत पडलेला कॅमेरा या कामासाठी नव्यापेक्षा चांगला ठरू शकतो.

परीक्षा घरीच करता येते. अंधाऱ्या खोलीत टीव्हीच्या रिमोटचे टोक लेन्ससमोर धरावे, बटण दाबून ठेवावे आणि काही सेकंदांचे छायाचित्र घ्यावे. रिमोटमधील दिवा बहुधा ९४० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतो. तो ठळक पांढरा किंवा जांभळट दिसला तर आपल्या कॅमेऱ्यातील काच सैल आहे. अंधुक दिसला तर ट्रायपॉड आणि चिकाटी लागेल. काहीच दिसले नाही तरी लगेच निराश होऊ नये, कारण बाहेरच्या छायाचित्रणात आपले बरेचसे काम ७०० ते ८०० या पट्ट्यात होते आणि तेथे काच तितकी घट्ट मिटलेली नसते. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने हीच परीक्षा केली तर रिमोट अनेकदा दिसतो, परंतु त्यावरून आपल्या मोठ्या कॅमेऱ्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

आता फिल्टर. कॅमेऱ्यात कोणताही बदल करायचा नसेल, म्हणजे आतली काच काढायची नसेल, तर ७२० नॅनोमीटरचा (साधारण त्याहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश अडवणारा) फिल्टर घ्यावा. होया आर७२ हा त्यातील सर्वांत परिचित असून कोडॅकच्या जुन्या क्रमवारीतील ८९बी हा त्याच्या जवळचा. ८५० नॅनोमीटरचा फिल्टर जालावर फार आकर्षक दिसतो, पण बदल न केलेल्या कॅमेऱ्यावर त्यातून इतका थोडा प्रकाश येतो की दुपारच्या उन्हातही मिनिटामिनिटांचे एक्स्पोजर (सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) द्यावे लागते. ५९० आणि ६६५ यांचे उलट आहे: त्यांतून दृश्य लाल प्रकाश भरपूर येतो आणि आतील काच अवरक्त अडवत असल्यामुळे आपल्याला मिळते ते केवळ लाल फिल्टर लावलेले साधे चित्र. हे दोन्ही फिल्टर बदललेल्या कॅमेऱ्यांसाठी आहेत. आपल्याकडील सर्वांत मोठ्या व्यासाच्या लेन्ससाठी एकच फिल्टर घेऊन लहान लेन्सना स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसवणारे कडे) लावणे स्वस्त पडते.

एक्स्पोजरचा अंदाज असा करावा. भर उन्हात आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता) आणि एफ/८ (लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा मोठा तितके छिद्र लहान) ला साधे छायाचित्र सुमारे १/४०० सेकंदात होते. आतील काच आणि बाहेरचा फिल्टर मिळून समजा १२ स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) प्रकाश खाल्ला, तर वेळ ४०९६ पट वाढतो, म्हणजे सुमारे १० सेकंद. कुणाच्या कॅमेऱ्यात ९ स्टॉप लागतील, कुणाच्या १४. एकदा आपला आकडा सापडला की उन्हाच्या दिवशी तो फारसा बदलत नाही. हिस्टोग्राम (चित्रातील उजेडाचा आलेख) पाहताना मात्र एकत्रित आलेख न पाहता लाल रंगाचा स्वतंत्र आलेख पाहावा, कारण लाल चॅनल बाकीच्या दोघांच्या कितीतरी आधी भरून वाहतो आणि एकत्रित आलेख तोपर्यंत निर्धास्त असतो.

डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) फिल्टर लावल्यावर व्ह्यूफाइंडरमधून काहीच दिसत नाही. म्हणून चौकट आधी ठरवावी, फोकस करावा, मग फिल्टर लावावा. परंतु अवरक्त प्रकाश लेन्समधून किंचित वेगळ्या अंतरावर एकवटतो, त्यामुळे दृश्य प्रकाशात केलेला फोकस थोडा चुकतो. जुन्या लेन्सवर अंतराच्या खुणांशेजारी एक लाल ठिपका किंवा रेघ असते ती यासाठीच. ती नसेल तर एफ/८ पर्यंत छिद्र लहान करून भागवावे. त्यापेक्षा लहान करू नये, कारण तरंगलांबी जास्त असल्यामुळे विवर्तनाचा (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याचा) मऊपणा येथे नेहमीपेक्षा लवकर दिसू लागतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर थेट चित्र पाहताना) किंवा मिररलेस कॅमेऱ्यात सेन्सरवरूनच फोकस होत असल्याने हा प्रश्न बराचसा मिटतो, फक्त आयएसओ वाढवून पडद्यावर काहीतरी दिसेल इतपत उजेड करून घ्यावा लागतो. लांब एक्स्पोजरच्या वेळी डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरचे मागचे भिंग झाकायला विसरू नये. तिकडून शिरलेला उजेड चित्रावर पट्ट्यासारखा उमटतो.

छायाचित्र रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपातच घ्यावे. व्हाइट बॅलन्स (कोणता रंग पांढरा धरायचा ती मांडणी) उन्हातल्या गवतावर कॅमेऱ्यातच ठरवून घेतला तर पडद्यावरचा रक्तवर्णी चिखल जाऊन काहीसे समजण्यासारखे चित्र दिसते.

शेवटचा मुद्दा ऋतूचा. आपल्याकडे या छंदाचे दिवस म्हणजे सप्टेंबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर. सह्याद्रीवर गवत ताजे असते, आकाश धुऊन निघालेले असते आणि ढगांना आकार असतो. बेसॉल्टचा काळा कडा अवरक्तातही काळाच राहतो आणि त्याच्या घळींतले गवत हिमासारखे पांढरे येते. हा विरोध एप्रिलच्या करड्या डोंगरावर मिळत नाही.

पाणवठा

लेख अतिशय उपयुक्त आहे. माझ्या दोन शंका आहेत. पहिली, व्हाइट बॅलन्स गवतावर ठरवूनही संगणकावर रॉ फाइल उघडली की चित्र पुन्हा लालभडक दिसते आणि रंगतापमानाचा सरकता दर्शक तळाला जाऊन अडकतो. असे का होते? दुसरी, माझ्या एका लेन्समध्ये चित्राच्या मधोमध फिकट वर्तुळ येते, तेच कॅमेऱ्यावर दुसरी लेन्स लावली असता येत नाही. हा फिल्टरचा दोष समजावा काय?

हिरवा_देठ

वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने पानांबद्दल थोडे लिहिते, कारण 'हरितद्रव्य अवरक्तात चमकते' असे विधान अनेक ठिकाणी वाचायला मिळते आणि ते नेमके चुकीच्या दिशेने नेते.

हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषते. ७०० नॅनोमीटरच्या पुढे मात्र त्याचे शोषण जवळजवळ संपते, म्हणजे तेथे ते पारदर्शक होते. परावर्तन होते ते पानाच्या आतील रचनेमुळे. पेशींच्या ओलसर भिंती आणि त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या यांच्या सीमेवर प्रकाश पुनःपुन्हा वळतो आणि त्याचा सुमारे निम्मा भाग बाहेर फेकला जातो. उरलेल्यातील बराचसा आरपार जाऊन खालच्या पानावर पडतो आणि तेथून पुन्हा वर येतो. म्हणून एकट्या पानापेक्षा दाट झाड अधिक पांढरे दिसते. हरितद्रव्याचे प्रतिदीपन (शोषलेला प्रकाश पुन्हा बाहेर सोडणे) होते हे खरे, परंतु या शुभ्रतेत त्याचा वाटा नगण्य असतो. या परिणामाला रॉबर्ट विल्यम्स वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाचे नाव दिले गेले आहे, कारण १९१० साली त्यांनी अशी छायाचित्रे प्रथम प्रसिद्ध केली. 'वुड' या नावात लाकडाचा किंवा वनाचा काही संबंध नाही.

लाल पट्ट्यात काळोख आणि त्याला लागून असलेल्या अवरक्तात लखलखाट, हा पानाचा कडा इतका तीव्र आहे की उपग्रहावरून पिकांची स्थिती पाहण्याची पद्धत त्यावरच उभी आहे. अवरक्तातील परावर्तनातून लाल पट्ट्यातील परावर्तन वजा करून त्याला दोघांच्या बेरजेने भागले की जो निर्देशांक मिळतो, त्यावरून हिरवाईचा जोम कळतो. १९८८ साली सोडलेल्या आयआरएस-१ए पासून भारताच्या दूरसंवेदन उपग्रहांवर या दोन्ही पट्ट्यांत पाहणारे कॅमेरे आहेत, आणि त्या चित्रांत जंगल लालभडक दिसते ते अवरक्ताला लाल रंग नेमून दिल्यामुळे.

छायाचित्रकारांना याचा एक साधा उपयोग आहे. हिरवा रंग दिलेले लोखंडी कुंपण आणि त्यावर चढलेला वेल डोळ्यांना सारखे हिरवे दिसले, तरी अवरक्तात अनेकदा कुंपण गडद आणि वेल पांढरा येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोडॅकने अवरक्त रंगीत फिल्म विकसित केली ती याच कारणाने, हिरव्या रंगाखाली लपवलेली लष्करी ठाणी खऱ्या झाडीतून वेगळी ओळखता यावीत म्हणून.

सह्यवाट (धागालेखक)

पाणवठा, पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. लाइटरूम या चित्रसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये रंगतापमान २००० केल्विनच्या खाली जात नाही आणि अवरक्त चित्राला त्याहून खूप खालचा आकडा लागतो. अ‍ॅडोबीचा डीएनजी प्रोफाइल एडिटर हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम वापरून आपल्या कॅमेऱ्याची एक वेगळी प्रोफाइल बनवावी आणि तिच्यातच तापमान खाली ओढून ठेवावे. मग लाइटरूममधील दर्शकाला हलायला जागा मिळते. रॉथेरपी किंवा डार्कटेबल हे प्रोग्रॅम वापरत असाल तर ही कसरत बहुधा करावी लागणार नाही. दुसऱ्या शंकेवर दुर्बिणवाला यांनी लिहावे, त्यांनी लेन्सची पद्धतशीर तपासणी केलेली आहे.

हिरवा_देठ, वेल आणि कुंपणाचे उदाहरण फार चांगले आहे. वास्तूंच्या छायाचित्रणात हे नेहमी जाणवते. कोकणातल्या जांभ्याच्या भिंती डोळ्यांना गडद तांबूस दिसतात, पण ७२० च्या फिल्टरमधून बऱ्याच उजळ येतात, आणि मग त्यांच्यामागची माडांची झावळे व भिंत यांतला फरकच हरवतो. तेथे अवरक्त लावू नये.

धूसर_काच

धागालेखकांच्या एका मूळ भूमिकेशी मी असहमत आहे. बदल न केलेल्या कॅमेऱ्यावर फिल्टर लावून १० सेकंदांचे एक्स्पोजर घेणे म्हणजे या प्रकारातील सर्वांत सुंदर गोष्ट, म्हणजे पानन्‌पान स्पष्ट दिसणारी पांढरी झाडी, हातची घालवणे आहे. घाटमाथ्यावर दहा सेकंद वारा थांबलेला मला आठवत नाही. झाडाच्या जागी कापसाचा ढीग येतो, माणसे पुसली जातात, आणि नवशिक्याचा समज होतो की अवरक्त छायाचित्र असेच धूसर असते.

माझ्या मते एखादा जुना कॅमेरा घेऊन त्यातील आतली काच काढून घ्यावी. तिच्या जागी थेट ७२० किंवा ६६५ ची काच बसवता येते, किंवा साधी पारदर्शक काच बसवून लेन्सवर हवा तो फिल्टर लावता येतो. मग १/२०० सेकंदात, हातात धरून, व्यक्तिचित्रसुद्धा घेता येते. त्वचा मेणासारखी गुळगुळीत येते, ओठांचा रंग उडतो, गोऱ्या मनगटावरच्या शिरा दिसू लागतात. हे सौंदर्य सर्वांना रुचेल असे नाही, पण लांब एक्स्पोजरमध्ये ते पाहायलाही मिळत नाही.

काच काढणे हे मात्र जाणकाराचेच काम आहे. फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यातील कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा भार साठलेला असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो बराच काळ टिकतो. नवी काच मूळ काचेइतक्याच प्रकाशीय जाडीची नसेल तर अनंतावरचा फोकस जातो. धुळीचा एक कण काचेमागे अडकला की तो प्रत्येक चित्रात कायमचा. मिररलेस कॅमेरा निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी. काही कॅमेऱ्यांत शटरवर लक्ष ठेवण्यासाठी आतच अवरक्त दिवा असतो. आतली काच काढल्यावर त्याचा उजेड चित्रावर धुक्यासारखा पसरतो. फिल्मच्या काळातही हेच दुखणे होते: काही कॅमेरे फिल्मची भोके अवरक्त दिव्याने मोजत आणि अवरक्त फिल्मची कडा त्यामुळे काळवंडत असे.

सह्यवाट (धागालेखक)

धूसर_काच, वाऱ्याचा आक्षेप मान्य आहे आणि ज्याला व्यक्तिचित्रे काढायची आहेत त्याला कॅमेरा बदलण्याशिवाय पर्याय नाही, हेही मान्य. तरीही मी नवशिक्याला फिल्टरच सुचवीन. कॅमेरा एकदा ६६५ चा किंवा ७२० चा करून घेतला की त्याच्यावर साधी रंगीत छायाचित्रे काढता येत नाहीत, आणि आपल्याला नेमके काय हवे आहे हे ठरण्याआधीच तो निर्णय होऊन बसतो. फिल्टर लावून एक हंगाम काढलेल्या माणसाला कळते की आपल्याला काळे आकाश आवडते, पांढरी झाडे आवडतात की नुसता रंगांचा खेळ आवडतो. त्यावरून पुढची काच ठरवता येते. शिवाय लांब एक्स्पोजरची स्वतःची एक भाषा आहे. पाणी अवरक्त प्रकाश बराच शोषते आणि स्थिर डोह शाईसारखा काळा येतो, तर फेस दुधासारखा. धबधब्याच्या पायथ्याशी १० सेकंद हा दोष न ठरता सोय ठरते. पावसाळ्यात गढूळ पाण्याकडून मात्र ही अपेक्षा करू नये. त्यातील माती अवरक्त परत पाठवते आणि नदी करडी दिसते.

ओढावळण

अवरक्त प्रकाश धुक्यातून आरपार जातो असे ऐकले आहे. जुलै महिन्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सकाळी काहीच दिसत नाही. तेथे हा फिल्टर लावल्यास खालची दरी टिपता येईल काय?

दुर्बिणवाला

नाही. दूरवरच्या डोंगरांवर उन्हाळ्या-हिवाळ्यात जी निळसर झाक दिसते, ती हवेच्या रेणूंमुळे आणि अतिसूक्ष्म कणांमुळे. रेणूंमुळे होणारे विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाच्या तुलनेत ८०० नॅनोमीटरला ते सुमारे दहापट कमी असते. म्हणून अवरक्तात आकाश काळवंडते आणि लांबच्या रांगा स्वच्छ दिसतात. धुक्यातील थेंब या तरंगलांब्यांच्या कित्येक पट मोठे असतात आणि ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. कोकणकड्यावर जुलैत फिल्टर लावल्यास काळ्या-पांढऱ्यातले धुके मिळेल. तोच कडा नोव्हेंबरच्या दुपारी टिपावा. तेव्हा हा फिल्टर खरोखर काम करतो.

आता पाणवठा यांची दुसरी शंका. मधोमध येणाऱ्या फिकट वर्तुळाला हॉटस्पॉट म्हणतात आणि तो सहसा फिल्टरचा दोष नसतो. लेन्सच्या काचांवरचे लेप दृश्य प्रकाशासाठी आखलेले असतात. अवरक्तासाठी ते निकामी ठरले की काचा, सेन्सर आणि लेन्सच्या नळीच्या आतील भाग यांच्यात प्रकाश उड्या मारत राहतो. नळीचा आतला काळा रंगसुद्धा अवरक्तात काळा असेलच असे नाही. हा दोष लेन्सच्या किमतीवर अवलंबून नाही. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी झूम लेन्स निर्दोष आणि दर्जेदार स्थिर (झूम नसलेली) लेन्स सदोष, असे अनेकदा आढळते.

तपासणी अशी करावी. दुपारच्या उन्हात एकसारख्या निळ्या आकाशाकडे, सूर्य पाठीशी ठेवून, कॅमेरा रोखावा आणि पूर्ण उघड्या छिद्रापासून एफ/१६ पर्यंत एकेका स्टॉपने चित्रे घ्यावीत. झूम लेन्स असेल तर दोन्ही टोकांना आणि मध्ये. नंतर संगणकावर त्यांचा कॉन्ट्रास्ट मुद्दाम बेसुमार वाढवून शेजारी शेजारी ठेवावीत. छिद्र लहान होत जाते तसे वर्तुळ लहान, ठळक आणि काठदार होत जाते, आणि ते कोठून सुरू होते हे एका नजरेत कळते. पुष्कळ लेन्स एफ/५.६ पर्यंत निर्दोष असतात. तेवढ्यावर काम भागत असेल तर लेन्स बदलण्याची गरज नाही.

काजळशाई

मी छायाचित्रकार नाही. घरातील आणि परिचितांच्या जुन्या पोथ्या व मोडी कागद वाचतो. हा धागा वाचून माझा अनुभव नोंदवावासा वाटला, कारण या फिल्टरचा मला झालेला उपयोग डोंगरदऱ्यांशी संबंधित नाही.

आपल्याकडील पारंपरिक शाई पुष्कळदा काजळीची असते. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बन दृश्य प्रकाशाइतकाच अवरक्त प्रकाशही शोषतो. उलट हळद फक्त निळा-जांभळा प्रकाश शोषते, कुंकवाचा लाल रंग आणि कागदाचा तपकिरी पिवळेपणाही अवरक्तात विरून जातो. पूजेत ठेवलेल्या पोथ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या हळदकुंकू, तेल आणि पाण्याचे डाग पडलेले असतात. ७२० च्या फिल्टरमधून घेतलेल्या चित्रात ते डाग नाहीसे होऊन अक्षर काळेभोर वर येते. ८५० चा फिल्टर येथे अधिक चांगला, कारण कागद जागचा हलत नाही आणि मिनिटाचे एक्स्पोजर देण्याची कुणाला घाई नसते. विजेच्या एलईडी दिव्यात अवरक्त जवळपास नसतोच. जुना पिवळा बल्ब लावावा, फक्त त्याच्या उष्णतेपासून कागद दूर ठेवावा.

सर्व शाई अशी वागत नाही. हिराकस आणि माजूफळ यांच्यापासून केलेली शाई अवरक्तात फिकट पडते, आणि अलीकडच्या काळातील अनेक निळ्या शाया तर पूर्णपणे अदृश्य होतात. कागद एकाच हातचा दिसत असूनही मधल्या दोन ओळी अवरक्तात उडाल्या, तर त्या वेगळ्या शाईने लिहिल्या गेल्या आहेत एवढे निश्चित म्हणता येते. त्या कोणी आणि कधी लिहिल्या हे अर्थातच फिल्टर सांगत नाही. मृत समुद्राजवळ सापडलेल्या चर्मपत्रांचे वाचन १९५० च्या दशकात अवरक्त छायाचित्रांमुळेच सुकर झाले. काळपट पडलेल्या चामड्यावरची कार्बनची अक्षरे डोळ्यांना दिसत नव्हती, फिल्मला दिसली.

पाणवठा

काजळशाई, आपला प्रतिसाद वाचून माझ्या आजोबांच्या काळातील हिशेबाच्या वह्या आठवल्या. त्यांवर उदबत्तीची राख आणि हळद दोन्ही आहेत. करून पाहतो आणि येथेच कळवतो.

ओढावळण

विकतच्या फिल्टरऐवजी घरगुती फिल्टर करता येतो काय? वाया गेलेली रंगीत फिल्म दुहेरी करून लावावी असे एका मित्राने सुचवले आहे.

दुर्बिणवाला

करता येतो, आणि परीक्षा म्हणून तो अवश्य करावा. प्रकाश न लागलेली स्लाइड फिल्म धुतली की काळी होते. नेगेटिव्ह फिल्म मात्र पूर्ण प्रकाश लागल्यावर काळी होते. दोन्हींतील काळेपणा सेंद्रिय रंगांचा असतो आणि ते रंग अवरक्तात पारदर्शक असतात. कृष्णधवल फिल्म किंवा एक्स-रेची फिल्म चालणार नाही, कारण तिचा काळेपणा चांदीचा असतो आणि चांदी अवरक्तालाही अडवते. फिल्म स्कॅनरमधील धूळ ओळखण्याची अवरक्त पद्धत साध्या कृष्णधवल फिल्मवर चालत नाही, तिचे कारणही हेच. एकमेकांना आडवे धरलेले दोन साधे पोलरायझरही (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारे फिल्टर) काम देतात, कारण ते दृश्य प्रकाश अडवतात आणि ७५० नॅनोमीटरच्या पुढे त्यांची पकड सुटते. त्याच कारणाने अवरक्तात आकाश गडद करण्यासाठी पोलरायझर लावू नये. तो तेथे निरुपयोगी आहे. या सगळ्यांतून येणारी स्पष्टता बेताचीच असते.

आता गंभीर सूचना. असा फिल्टर डोळ्यांवर धरून किंवा फिल्टर लावलेल्या डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे कधीही पाहू नये. फिल्टर काळा असल्याने बाहुली विस्फारते आणि न दिसणारा अवरक्त प्रकाश थेट दृष्टिपटलावर एकवटतो. तेथे वेदना होत नाहीत, त्यामुळे इजा होत असताना कळतही नाही. आपल्याकडे २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणापासून आजतागायत काळी झालेली रंगीत फिल्म डोळ्यांना लावून ग्रहण पाहण्याचा सल्ला अधूनमधून दिला जातो. अवरक्त छायाचित्रणासाठी जी फिल्म उत्तम फिल्टर ठरते तीच ग्रहण पाहण्यासाठी सर्वांत घातक ठरते, हे प्रत्येक ग्रहणाआधी शाळाशाळांतून सांगितले पाहिजे.

नीरक्षीर

तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे. माझी शंका तत्त्वाची आहे. लाल आणि निळा चॅनल अदलाबदल करून निळे आकाश आणि सोनेरी झाडे दाखवली जातात आणि त्याला 'अवरक्त छायाचित्र' म्हटले जाते. अवरक्ताला तर रंगच नसतो. मग हे छायाचित्र कशाचे?

सह्यवाट (धागालेखक)

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे अर्धे उत्तर सेन्सरमध्येच सापडते. सेन्सरवरचे लाल, हिरवे आणि निळे सूक्ष्म फिल्टर ७२० नॅनोमीटरला एकसारखे वागत नाहीत: लाल तेथे भरपूर प्रकाश सोडतो, निळा फारच थोडा. ८५० च्या आसपास मात्र तिन्ही जवळजवळ सारखे पारदर्शक होतात. त्यामुळे ७२० च्या चित्रात आकाश आणि झाडी यांत जो रंगभेद दिसतो, तो अवरक्ताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या भागांतील खरा फरक असतो. गवतावर व्हाइट बॅलन्स ठरवल्यास आकाश तांबूस तपकिरी येते, कारण विखुरलेल्या प्रकाशात आखूड तरंगलांब्यांचा वाटा जास्त असतो. फरक खरा आहे. त्याला तांबूस म्हणायचे की निळा, हे मात्र आपण ठरवलेले. चॅनल मिक्सरमध्ये लाल आणि निळ्याची अदलाबदल केली की आकाश निळे होते आणि पाहणाऱ्याला ओळखीचे वाटते, एवढ्यासाठीच ती प्रथा पडली आहे. ८५० च्या चित्रात रंगभेद नसतोच, म्हणून ते सरळ कृष्णधवल करावे.

माझी स्वतःची आवड विचाराल तर ती कृष्णधवलाकडेच झुकते, कारण गुलाबी-सोनेरी झाडे पाहून डोळा दोन-चार चित्रांत थकतो. परंतु उपग्रहाच्या चित्रातील लाल जंगल आपण बनावट मानत नाही, कारण तेथे कोणता पट्टा कोणत्या रंगात दाखवला ते लिहिलेले असते. येथेही चित्राखाली फिल्टरचा आकडा, कॅमेरा बदललेला आहे की नाही आणि चॅनल अदलाबदल केली आहे की नाही, एवढ्या तीन गोष्टी लिहाव्यात, अशी विनंती मी या धाग्यावर चित्रे चढवणाऱ्या सर्वांना करतो.

धूसर_काच

विनंती मान्य. त्यात एक्स्पोजरचा कालावधी हा चौथा तपशील जोडावा, म्हणजे झाडे पुसट दिसण्याचे कारण वारा आहे की चुकलेला फोकस, हे पाहणाऱ्याला ताडता येईल. माझी पुढची चित्रे ६६५ नॅनोमीटर, बदललेला कॅमेरा, अदलाबदल केलेली, १/१६० सेकंद या नोंदीसह रविवारी येथे देतो.